आधी उलटा हात

माझे बाबा कुठल्याही धातूच्या वस्तूला पहिला हात लावायचे तो उलटा. फ्रिजचं दार, कूलरचा पत्रा, गीझरचा पाइप, अगदी बँकेच्या दाराची पितळी मूठसुद्धा ते आधी बोटांच्या पाठीने हलकेच शिवायचे आणि मगच धरायचे. ताप आला की आमच्या कपाळालाही तोच हात लागायचा. मैत्रिणींचे वडील त्यांच्या डोक्यावर तळवा ठेवून थोपटायचे, आणि माझ्या वाट्याला कायम बोटांची हाडं यायची. लहानपणी मला त्याचा राग येई. एकदा मी आईला विचारलंही होतं, की मी काय गीझर आहे का? आई पोळ्या लाटत होती. ती म्हणाली, "त्यांना विचार." विचारायची माझी हिंमत नव्हती, कारण बाबा रागीट नसले तरी फार कमी बोलायचे, आणि कमी बोलणाऱ्या माणसाला प्रश्न विचारायला जास्त धैर्य लागतं.

आम्ही पिपलानीला, कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. बाबा नागपूरहून नोकरीसाठी भोपाळला आले आणि इथलेच झाले. कारखान्यात मोठमोठे ट्रान्सफॉर्मर तयार व्हायचे आणि ते बाहेर पडण्याआधी तपासायच्या विभागात बाबा टेक्निशियन होते. सकाळी भोंगा वाजला की सगळ्या गल्लीतल्या स्कूटर एकदम खोकायला लागायच्या. पाच मिनिटांनी सगळं शांत व्हायचं आणि मग बायकांचे आवाज, कुकरच्या शिट्ट्या आणि भाजीवाल्याची "ले लो भटा, गिलकी" ऐकू यायची. आई रविवारी सांबारवडी, म्हणजे नागपुरी कोथिंबीरवडी करायची. भोपाळच्या बाजारात कोथिंबिरीच्या जुड्या तिच्या मनासारख्या मिळायच्या नाहीत म्हणून तिने मागच्या अंगणात स्वतःच कोथिंबीर लावली होती. त्या अंगणाच्या एका कोपऱ्यात आईचा मोगरा होता आणि दुसऱ्या कोपऱ्यात बाबांचा खड्डा.

हा खड्डा म्हणजे घराचं अर्थिंग. जमिनीत खोल उभा पुरलेला लोखंडी पाइप, त्याच्याभोवती कोळसा आणि मीठ, आणि पाइपाला आवळलेली जाड तार, जी घरातल्या प्रत्येक बोर्डाच्या तिसऱ्या भोकापर्यंत जायची. उन्हाळ्यात जमीन सुकली की वीज जमिनीत नीट उतरत नाही, म्हणून बाबा मार्च ते जून रोज संध्याकाळी त्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायचे. आई मोगऱ्याला पाणी घालतेय आणि बाबा खड्ड्याला, हे दृश्य कुंपणापलीकडचे पाठककाका रोज बघायचे आणि रोज विचारायचे, "काय देशकर, फुटली का पालवी?" बाबा म्हणायचे, "फुटली नाही तेच बरं." पाठककाका आमच्या मराठी मंडळाचे सचिव होते आणि कारखान्यात इंजिनिअर. त्यांच्या घरच्या खड्ड्यात कुणी कधी पाणी ओतलेलं मी पाहिलं नाही.

आमच्या वरच्या मजल्यावर फर्नांडिसकाका राहायचे. त्यांच्याकडे लाल रंगाची इलेक्ट्रिक गिटार होती आणि जुन्या रेडिओचे भाग जमवून त्यांनी स्वतः केलेला अँप्लिफायर, म्हणजे आवाज मोठा करणारी लाकडी पेटी होती. मी कॉलेजात जायला लागेपर्यंत त्यांच्या जिन्यात बसून ते वाजवणं ऐकलं आणि नंतर दोन वर्षं त्यांच्याकडून शिकले. त्यांची बदली झाली तेव्हा त्यांनी गिटार आणि पेटी माझ्या हवाली केली आणि म्हणाले, "नंदा, इसको रोज़ बजाना, नहीं तो ये रूठ जाती है।" आईला वाटलं, सतार असती तर लग्नाच्या बाजारात सांगता तरी आलं असतं. पण तिने एक जुनी चादर फाडून गिटारला खोळ शिवली, तेव्हाच मला कळलं की परवानगी मिळाली.

पहिल्याच दिवशी मी गिटार घेऊन बाहेरच्या खोलीत बसले. आईने फरशी नुकतीच पुसली होती, माझे पाय अनवाणी. तारा छेडल्या, आणि बोटांना बारीक मुंग्या आल्या. मला मजाच वाटली. मी ओरडून सांगितलं, "बाबा, या तारा गुदगुल्या करतात!" बाबा जेवत होते. ते उष्ट्या हातानेच उठले, भिंतीवरचं बटण बंद केलं, हात धुतला, खिशातला टेस्टर काढला आणि मला पलंगावर पाय वर घेऊन बसायला सांगून बटण पुन्हा लावलं. टेस्टरचं टोक तारेला लागलं आणि आतला इवलासा दिवा लालसर पेटला. आईने पदर तोंडाला लावला. त्यानंतर पेटी तीन रविवार मागच्या ओट्यावर वर्तमानपत्रावर उघडी पडून होती.

बाबांना मी सलग एवढं बोलताना त्या रविवारींच ऐकलं. ते म्हणाले, या पेटीला आहे तसा दोन पिनांचा प्लग म्हणजे एका तारेने वीज आणायची, दुसरीने न्यायची, आणि चुकलीमाकली वीज गेली कुठे तर आपल्या अंगातून. तिसरी पिन त्या चुकल्यामाकलीसाठी असते. मग म्हणाले, "फ्रिजला तू क्षणभर हात लावतेस. गिटार तू मिठीत घेतेस. घरघर येऊ नये म्हणून तिच्या तारा आतून पेटीच्या पत्र्याला जोडलेल्या असतात. म्हणजे पेटीचा आजार थेट तुझ्या बोटांत. आणि उद्या गाताना समोर माइक असेल, तो दुसऱ्याच मशीनचा. एक तुझ्या हातात, दुसरा तुझ्या ओठांवर. मधे कोण?" मी म्हटलं, "मी." बाबांनी मान हलवली आणि पक्कड मागितली.

उलट्या हाताचं कारणही त्यांनी तेव्हाच सांगितलं, एकदाच, पेटीत डोकं घालून. ते शिकाऊ असताना त्यांच्या सोबतच्या मुलाने एक पाइप धरला. पाइपात वीज होती. विजेने स्नायू आवळतात, मूठ मिटते, आणि मिटलेली मूठ माणसाला सोडवता येत नाही. "तो माझ्याकडे बघत होता," बाबा म्हणाले. "बोलताही येत नव्हतं त्याला. उलटा हात असता तर झटका बसून मागे गेला असता." त्यांनी स्क्रू घट्ट केला आणि पुढचा मागितला. त्यानंतर मला त्यांच्या बोटांच्या हाडांचा राग कधी आला नाही. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. माझे बाबा आम्हा सगळ्यांच्या वाट्याचं ताक फुंकत होते.

मंडळाच्या गणपतीत गिटार वाजवून गायचं, असं मी त्या वर्षी ठरवलं. मुलीने, तेही इलेक्ट्रिक गिटारवर, तेही साडी नेसून, म्हणजे पिपलानीत चर्चेचा विषय होता. पाठककाका आधी नाही म्हणाले, मग म्हणाले भावगीत असेल तर चालेल, आणि शेवटी त्यांनी मला शनिवारची संध्याकाळ दिली. महिनाभर मी दुसरा विचार केला नाही. गाणं मीच चाल लावलेलं होतं. शब्द आईच्या वहीतले, तिने लग्नाआधी लिहिलेले. ही गोष्ट आईला माहीत नव्हती. तिला ती रंगमंचावरूनच कळावी अशी माझी इच्छा होती.

शनिवारी दुपारपासून भुरभुर होती. सभागृहाच्या ओट्यावर फळ्या टाकून रंगमंच केला होता, फळ्यांवर सतरंजी, आणि मागे गणपती. गणपतीच्या डोक्यामागे कारखान्यातल्या तरुण पोरांनी मोटर लावून एक मोठं चमचमतं चक्र फिरतं ठेवलं होतं. गणपती असल्यामुळे रंगमंचावर सगळे अनवाणी. माझी पेटी सभागृहाच्या बोर्डाला जोडली, बाबांनीच बसवलेल्या तीन पिनांच्या प्लगने. माइक रशीदभाईंचा. जुन्या भोपाळातले हे लाउडस्पीकरवाले, मेंदी लावलेली दाढी, कानावर विडी. दर वर्षी आमच्याकडे यायचे आणि मंडळातले इंजिनिअर दर वर्षी त्यांना वायरिंग शिकवायचे. ते सगळ्यांना "जी हुज़ूर" म्हणायचे आणि स्वतःला हवं तेच करायचे. त्यांच्या मशीनची वायर वेगळी होती.

माझं नाव पुकारलं. गिटार गळ्यात घातली, डावा हात तारांवर ठेवला. बोटांना मुंग्या येत होत्या, पण तळपायांनाही येत होत्या आणि पोटातही, म्हणून मला वाटलं ही भीती आहे. पहिल्या रांगेत आई बसली होती, बाबा कुठेतरी मागे उभे. मी माइकपाशी गेले. ओठ टेकवणार, तेवढ्यात सवयीने उजवा हात वर गेला. खरं सांगते, त्या क्षणी कसलाही विचार नव्हता. इतकी वर्षं घरात जे पाहिलं ते हाताने आपणहून केलं, एवढंच. बोटांची पाठ माइकला टेकली आणि कुणीतरी खांद्यापासून हात उपटून मागे फेकावा तसं झालं. माइकचा दांडा कोसळला, कर्ण्यातून मोठा आवाज निघाला, मी सतरंजीवर बसलेली होते, आणि अंधार झाला. तो अंधार बाबांनी केला होता. ते ओरडले नाहीत, माझ्याकडे धावले नाहीत. आधी मेन स्विचकडे धावले.

इथे थांबून एक सांगायला हवं, कारण माझ्या शिकवणीतल्या मुली हे वाचतील. हाताने वीज तपासायची नसते, उलट्याही नाही. उलटा हात हा शेवटचा उपाय आहे. तपासायला टेस्टर असतो, आणि तो माझ्याकडे नव्हता कारण साडीला खिसा नसतो. दुसऱ्याच दिवशी आईने गिटारच्या पट्ट्याला टेस्टरपुरता एक कप्पा शिवला. तो पट्टा अजून माझ्याकडे आहे आणि भोपाळातल्याच कोटरा भागातल्या माझ्या घरी शिकायला येणारी प्रत्येक मुलगी पहिला धडा त्या कप्प्यापासून गिरवते.

बाबांनी टॉर्चच्या उजेडात माझे डोळे पाहिले, मनगट धरून नाडी मोजली आणि मला आईच्या ताब्यात दिलं. तोवर रशीदभाईंना लोकांनी घेरलं होतं. पाठककाका पुढे होऊन ओरडले. "क्या लगाया है तुमने? बच्ची अभी मर जाती! माइक में करंट छोड़ रखा है!" मागून कुणी म्हणालं, हे लोक असेच, दुसरं कुणी म्हणालं, पुढच्या वर्षी याला बोलावूच नका. रशीदभाईंच्या हातात वायरचं वेटोळं तसंच होतं. "को खाँ, हमने तो अपनी मशीन का सरिया अलग गाड़ा है ज़मीन में," ते भोपाळी ढंगात म्हणाले, सरिया म्हणजे लोखंडी सळई. "देख तो लो एक बार।" बघायला कुणी गेलं नाही. आमच्यापैकी निम्म्या लोकांनी आयुष्य विजेत काढलं होतं, आम्हाला बघायची काय गरज?

बाबा बघत होते. त्यांनी सगळ्यांना रंगमंचावरून खाली उतरवलं, पायात रबरी चपला घातल्या, गणपतीसमोर घातल्या म्हणून कुणीतरी चुकचुकलं, आणि मेन लावायला सांगितला. टेस्टर माइकला टेकवला. दिवा लागला नाही. सतरंजीवर पडलेल्या गिटारच्या तारेला टेकवला. लागला. आवाज हळूहळू थांबले. बाबांनी मेन पुन्हा बंद करवला आणि बोर्डापासून निघालेल्या हिरव्या तारेमागे टॉर्च धरून सभागृहाच्या मागे गेले. मी आईचा हात सोडवून त्यांच्या मागे गेले.

मागे सभागृहाचा अर्थिंगचा पाइप होता. तो सुंदर दिसत होता. चांदीसारखा ऑइलपेंट, खाली गेरूचा पट्टा, गेरूवर पांढरं स्वस्तिक. तार आवळून ठेवणारी पट्टीही घट्ट होती, पण ती रंगावर बसली होती, लोखंडाला शिवतच नव्हती. बाबा उकिडवे बसले आणि पट्टीच्या कडेचा रंग नखाने खरवडून पाहिला. रविवारी त्यांनीच हा पाइप तपासला होता आणि पोरांना म्हणाले होते, गंजतोय, रंग लावून टाका. पोरांनी मन लावून काम केलं. पट्टी सोडवून तिच्या खालीही रंगवलं आणि पुन्हा आवळली. गुरुवारी त्यांच्यातल्या एकाने आमच्या दारात येऊन विचारलंही होतं, "काका, अर्थिंग एकदा बघता का?" बाबा चहा पीत होते. म्हणाले होते, "पाहिलंय मी." मी तिथेच बसलेली होते, मी ते ऐकलं होतं. आणि देशकरांनी पाहिलंय म्हटल्यावर पुढे कुणी बघणार नव्हतं. अख्ख्या वसाहतीत दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा होता.

बाबांना गप्प राहता आलं असतं. पट्टी खरवडून, आवळून, काहीतरी ढिलं झालं होतं म्हणाले असते तर कुणी विचारलं नसतं, आणि दोष रशीदभाईंच्या माथी होताच. ते पुढे आले, रंगमंचाच्या कडेला उभे राहिले. माइक बंद होता, म्हणून त्यांना ओरडून बोलावं लागलं. त्यांचा आवाज एवढा मोठा मी आधी कधी ऐकला नव्हता. "माइक बरोबर आहे," ते म्हणाले. "रशीदभाईंचं काम बरोबर आहे. त्यांचा सरिया जमिनीत आहे, आपला पाइप नुसता रंगात आहे. मी रविवारी तपासलं आणि गुरुवारी न बघता पाहिलंय म्हणून सांगितलं. चूक माझी आहे." मग रशीदभाईंकडे वळून हात जोडले. "माफ़ करना रशीदभाई। आपका काम सही था, मेरा नहीं।" रशीदभाईंनी वेटोळं खाली ठेवलं आणि बाबांचे हात धरून खाली केले. "अरे देशकर साब, हाथ मत जोड़ो। चलो, पाना दो, साथ में करते हैं।" पाठककाका जमिनीकडे बघत होते. मला वडिलांची लाज वाटावी असा तो प्रसंग होता, आणि मला त्यांचा जेवढा अभिमान तेव्हा वाटला तेवढा पुढे कशाचाही वाटला नाही.

महाप्रसादाच्या स्वयंपाकातली खोबरं कापायची सुरी आणून दोघांनी रंग खरवडला. स्वस्तिकाला धक्का लागू दिला नाही. आई कुठूनशी मिठाची पिशवी घेऊन धावत आली. पावसाने जमीन चिंब होती, मिठाची काही गरज नव्हती, पण बाबांनी ते घेतलं आणि पाइपाच्या बुडाशी ओतलं. मेन लावला, आणि फाटकन फ्यूज उडाला. लोक हळहळले. बाबांच्या चेहऱ्यावर मात्र त्या संध्याकाळी पहिल्यांदा समाधान आलं. "उडायलाच हवा होता," ते म्हणाले. "आता वीज जायला वाट मिळाली." गणपतीमागच्या चक्राच्या मोटरमध्ये ओल शिरली होती. जमिनीत जायला वाट नाही म्हणून तिथली वीज हिरव्या तारेतून माझ्या पेटीत आणि पेटीतून गिटारच्या तारांत येऊन बसली होती. चक्र काढून टाकलं, नवा फ्यूज घातला, दिवे लागले. त्या वर्षी गणपतींनी मूर्तीच्याच न फिरणाऱ्या प्रभावळीवर भागवलं.

पाठककाका मृदू आवाजात म्हणाले, "नंदा, आता नुसतंच गा हवं तर. गिटार राहू दे." मी म्हटलं, "गायचंही नाही मला." मला त्या लाल लाकडाकडे बघवत नव्हतं. आज मागे वळून पाहते तेव्हा खात्रीने सांगू शकते, की तशीच घरी गेले असते तर मी पुन्हा गिटार धरली नसती. खोळीत घालून ती माळ्यावर गेली असती, आईचे शब्द वहीतच राहिले असते, आणि मी आयुष्यभर सांगितलं असतं की एके काळी वाजवायचे.

बाबांनी समजूत घातली नाही. ते रंगमंचावर चढले. या वेळी चपला काढून ठेवल्या. माइकला टेस्टर लावला, तारांना लावला, दोहोंच्या मधे होल्डरमधला बल्ब धरून पाहिला. कुठेच काही पेटलं नाही. मग त्यांनी गिटार गळ्यात घातली. पट्टा उलटा पडला होता, पांढऱ्या शर्टावर ती लाल गिटार, थोडे लोक हसलेसुद्धा. डाव्या मुठीत त्यांनी सहाच्या सहा तारा आवळल्या. उजवा हात माइककडे नेला. मी त्यांच्या बोटांची पाठ वळायची वाट बघत होते. ती वळली नाही. त्यांनी माइक तळव्यात घेतला आणि मूठ मिटली.

ते तसेच उभे राहिले, दोन्ही मुठी मिटून, माझ्याकडे बघत. मग त्यांनी गिटार उतरवून माझ्या गळ्यात घातली, पट्टा सरळ केला आणि म्हणाले, "म्हण आता." मी माइकपाशी गेले. आई पहिल्या रांगेत मिठाने पांढरे झालेले हात मांडीत घेऊन बसली होती. मी ओठ टेकवले. माइक बाबांच्या हाताने कोमट झाला होता.